सीमेच्या आतला भिक्खू

“वसंत्या, दार उघड! आत्ताच्या आत्ता उघड!”

तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली. भिक्खूला घरच्या नावानं हाक मारायची नसते, आणि एकेरी तर नाहीच नाही. मागे विहाराच्या अंगणात सगळी वस्ती जमलेली. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, खिरीच्या पातेल्यापाशी बसलेली म्हातारी मंडळी, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पदर सावरला, दारासमोर गुडघे टेकले आणि आवाजात होती नव्हती तेवढी साखर घातली.

“वंदामि भन्ते. दार उघडता का जरा?”

“सुखी व्हा, उपासिके,” आतून शांत आवाज आला. “दार उघडंच आहे. कडी लावलेली नाही.”

उपासिके! ज्याचं नाक मी माझ्या फ्रॉकनं पुसलं, ज्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी व्हायची वेळ आली होती, त्या माझ्या धाकट्या भावाची मी आता उपासिका. वीस-बावीस वर्षांपूर्वी तो चीवर घालून भन्ते उपसेन झाला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. मी एरवी ते गोड मानून घेत असे. त्या दिवशी मात्र माझं डोकं पार फिरलेलं होतं.

त्या दिवशी आमच्या बाबांची उपसंपदा होती. बाबा म्हणजे दौलत नगराळे. एसटीच्या डेपोत मेकॅनिक, युनियनचे पुढारी, आणि सावरघाटचा हा विहार वर्गणी मागून मागून उभा करणारे. आई गेल्यावर सत्तरीत त्यांनी डोकं भादरलं आणि टेकडीवरच्या विहारात महास्थविरांकडे श्रामणेर म्हणून जाऊन राहिले. श्रामणेर म्हणजे उमेदवार. पूर्ण भिक्खू व्हायचं तर संघानं बसून मान्यता द्यावी लागते, तिला उपसंपदा म्हणतात. बाबांना ती हवी होती, आणि लवकर हवी होती. त्यांचं हृदय आता किती चालेल हे मला ठाऊक होतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स, त्यांच्या गोळ्या मीच आणून द्यायची. टेकडीवर ना डॉक्टर ना रस्ता, म्हणून उपसंपदा झाल्यावर ते सावरघाटलाच राहणार असं ठरलं होतं. याच विहारात, या उपसेन भन्त्यांच्या शेजारच्या खोलीत.

सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. महास्थविर आले, बरोबर आणखी चार भिक्खू आले. ते दालनात ओळीनं बसले, शेवटी आमचे उपसेन भन्ते. बाबा एकेकापुढे गुडघे टेकून डोकं जमिनीला लावत पुढे सरकत होते. आपल्या मुलापुढे आले, गुडघे टेकणार, तेवढ्यात भन्ते ताडकन उठले आणि सरळ आपल्या खोलीत जाऊन दार लोटून बसले. बाबा अर्धे वाकलेले तसेच राहिले. सगळ्या वस्तीनं पाहिलं.

मी दार ढकललं. भन्ते चटईवर मांडी घालून बसले होते.

“काय चाललंय हे?” मी विचारलं.

“मी या उपसंपदेला बसणार नाही.”

“नका बसू. बाकीचे पाच आहेत.”

“आणि इथून उठूनही जाणार नाही.”

“बसा मग खुशाल, चटई झिजेपर्यंत,” मी म्हटलं आणि तरातरा दालनात गेले. मला वाटलं होतं, एक रुसला म्हणून काय अडतंय? पण घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

महास्थविर रेवतबोधी तेव्हा ऐंशीच्या घरात होते. दातांची कवळी, कानात यंत्र, आणि घाई म्हणून कशाची ती नाही. त्यांनी मला सावकाश समजावलं. विहाराच्या चार कोपऱ्यांना जे दगड पुरलेत, त्यांच्या आतली जागा म्हणजे सीमा. सीमेच्या आत जेवढे भिक्खू असतील तेवढ्यांनी एकत्र बसायला हवं. एक जण जरी आत असून बसला नाही, तरी ते काम संघाचं होत नाही. चाललेलं कर्म मोडतं.

“म्हणजे एकटा माणूस सगळं अडवू शकतो?”

“अडवू शकतो.”

“तो खोलीत आहे, भन्ते. दालनात नाही.”

“खोलीही सीमेतच आहे,” महास्थविर म्हणाले. “मी तेव्हाच सांगितलं होतं, दगड दालनापुरते पुरा. तुमचे वडील म्हणाले, नाही, कुंपणाच्या चारी कोपऱ्यांना पुरू, सगळीच जागा पवित्र होऊ द्या. आता स्वयंपाकघर सीमेत, न्हाणीघर सीमेत, पपईचं झाडही सीमेत.”

बाबा भिंतीशी बसून ऐकत होते. “चुकलंच माह्यं,” ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मला बिलकूल आलं नाही.

विहार कमिटीचे अध्यक्ष खोब्रागडे गुरुजी पुढे झाले. हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्ट ठरावानं करायची सवय. “भन्ते, आपण मतदान घेऊ. पाच विरुद्ध एक. बहुमतानं विषय मंजूर.”

“संघात बहुमतानं उपसंपदा होत नाही, गुरुजी.”

“मग तुम्ही आदेश द्या,” मी म्हटलं. “तुम्ही सगळ्यांत मोठे ना?”

“मोठा आहे. मालक नाही.”

“मग मालक कोण? आमच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर असतात, त्यांच्यावर जिल्ह्याचे असतात. तुमच्या वर कोण आहे ते सांगा, मी आत्ता फोन लावते.”

महास्थविरांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. “वर कोणी नाही, बाई. ज्याचे वर्षावास, म्हणजे संघात काढलेले पावसाळे, जास्त, त्याला आधी वंदन. त्याला आधी आसन, आधी भिक्षा. बाकीच्यांनी त्याला भन्ते म्हणायचं, त्यानं धाकट्याला आवुसो म्हणायचं. मोठेपण एवढंच. निर्णय संघाचा. मी तीनदा विचारतो. ज्याला मान्य आहे तो गप्प राहतो. ज्याला नाही तो बोलतो. एकानं तोंड उघडलं की संपलं.”

“आणि वय? वयाला काही मान?”

“वय नाही. आज उपसंपदा झाली की तुमचे वडील संघात सगळ्यांत धाकटे. तुमचा भाऊ त्यांना वडील.”

“घ्या!” गुरुजी म्हणाले. “मंग दौलतदादानं पोराले भन्ते म्हनाचं, अन् पोरानं बापाले आवुसो?”

“तसंच.”

मी तिथून उठले. अशा लोकांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ना साहेब, ना कचेरी, ना तक्रार करायला जागा. रागानं माझे कान तापले होते, पण महास्थविरांवर राग काढता येत नाही, म्हणून मी पुन्हा भावाच्या खोलीत शिरले. या वेळी गुडघेबिडघे टेकले नाहीत.

“कारण सांग,” मी म्हटलं.

“त्यांची तब्येत बरी नाही. या वयात भिक्खूचे सगळे नियम झेपणार नाहीत.”

“तब्येत मी पाहते. गोळी मी देते. झेपेल की नाही ते मला विचार. दुसरं कारण सांग.”

तो चटईची कड सारखी करत राहिला.

“मग मीच सांगते. तू भिक्खू होऊन पहिल्यांदा गावात आलास, सगळी वस्ती तुझ्या पाया पडली. आई पडली. ढसाढसा रडली आणि पडली. बाबांनी नुसतं ‘जयभीम, भन्ते’ म्हटलं आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर प्रत्येक भिक्खूला त्यांनी वंदन केलं, तुला कधी नाही. तू विहारात असलास की ते मागच्या दारानं जायचे. ते तुझ्या मनात सलतंय. आज ते वाकायला आले तर तू उठून आलास. चारचौघांत त्यांची फजिती केलीस. सूड काढतोयस म्हाताऱ्यावर!”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता चिडेल, आता काहीतरी बोलेल. भांडला असता तरी मला बरं वाटलं असतं. पण तो नुसता म्हणाला, “तुला जे वाटतं ते वाटू दे, उपासिके.”

माझ्या हातात त्या वेळी खिरीचा पळा होता. तो मी दाराबाहेर भिरकावला.

बाहेर आले तर महास्थविर पायात चपला अडकवत उभे. “नदी किती लांब आहे?” त्यांनी विचारलं.

“पाणंदीनं गेलं की आलीच. कशाला?”

“वाहत्या पाण्यावर दगडांची सीमा लागत नाही. नाव नदीत न्यायची. मध्यम ताकदीच्या माणसानं चौफेर ओंजळभर पाणी फेकलं की ते जिथवर पडेल तिथवर आपली सीमा. हा फार जुना रिवाज आहे. तुमचा भाऊ इथं खुशाल बसू दे.”

मला त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेसे वाटले, आणि मी धरलेही. बाबांकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा काही उजळला नव्हता. “त्याच्या बिगर कराचं का?” एवढंच ते पुटपुटले. मी दुर्लक्ष केलं. भिक्खूंना भोजन मध्यान्हाच्या आत व्हावं लागतं आणि ऊन वर चढत होतं. मी सगळ्यांना मेंढरांसारखं हाकत नदीवर नेलं.

माघातली वैनगंगा. दोन्हीकडे वाळू, मधे डोहाला संथ धार. कवडू नान्हे नावाच्या ढिवरानं आपली नाव रिकामी केली, जाळं काढलं, मासळीचा वास जावा म्हणून दोन बादल्या पाणी मारलं. काठाला ढोपरभर चिखल होता. आणि तिथं दुसरी माशी शिंकली. गोंदियाकडून आलेले एक स्थूल, वयस्क भन्ते नावेकडे पाहून दोन पावलं मागे सरले.

“मला पाण्यावर भोवळ येते,” ते म्हणाले. “लहानपणापासून. मी नावेत बसू शकणार नाही.”

“डोळे मिटून बसा, भन्ते,” मी म्हटलं.

“मिटले की जास्त येते.”

“गोळी देते!”

“क्षमा करा.”

मी महास्थविरांकडे वळले. “चौघांत भागवा.”

“गंगेकडच्या मध्यदेशात दहा लागतात, आपल्या मुलुखात पाच पुरतात. पाचाच्या खाली उपसंपदा नाही.”

मी तिथंच, ओल्या वाळूत, फतकल मारून बसले. गुरुजी काहीतरी ठरावाचं बोलत होते, त्यांना मी म्हटलं, गुरुजी, तुमच्या ठरावाला आग लावा. आयुष्यभर माणसं जगवायची धडपड केली, रात्री-अपरात्री रक्ताच्या बाटल्या मिळवल्या, पण असं नाकी नऊ कुणी आणले नव्हते. एका म्हाताऱ्याची एक इच्छा. तीत एकाला रुसवा आडवा आला, दुसऱ्याला भोवळ आडवी आली. आणि हे सोडवायला कुणाच्याही हातात काही नाही. मला रडू आलं, आणि ते रागाचंच होतं.

बाबा एका दगडावर बसले होते. चालून त्यांना धाप लागली होती, ओठ थोडे निळसर दिसत होते. “राहू दे वं पोरी,” ते म्हणाले. “नसन होत तं नसन होत. मी श्रामणेरच बरा.”

“आता राहू दे म्हणता? मग एवढा हट्ट कशाला धरला होता?”

ते पाणंदीकडे पाहत होते. मीही वळून पाहिलं. बाभळींमधून एक चीवर येत होतं.

उपसेन भन्ते झपझप आले आणि बाबांसमोर उभे राहिले. बाबा दगडावरून उठायला लागले, तसा त्यांनी हात पुढे केला. “उठू नका. बसा.”

“काऊन आलात, भन्ते?”

“तुम्ही श्रामणेरच राहा. ध्यान करा, प्रवचन द्या, विहार सांभाळा. एवढं नका करू.”

“काऊन नाही कराचं?”

“तुमची तब्येत...”

“तब्येतीचं या पोरीले इचारतो मी. तू खरं सांग.”

भन्ते नदीकडे पाहत राहिले. मग त्यांच्या तोंडची ती शुद्ध, प्रवचनाची भाषा एकदम गळून पडली आणि माझा वसंता बोलायला लागला.

“तुमी माह्या पाया पडान, बाबा. रोज सकाळी पडान. पंगतीत माह्या खाली बसान. एकाच विहारात रायचं आपल्याले. अन् मले तुमच्या पाया कवाच पडता येनार नाही, मरेपर्यंत. मले पाह्यनं होत नाही.”

“नेम हाय तो.”

“मी तुमाले वाकताना एकडाव पाह्यलं हाय. पुरं झालं तेवढं.”

बाबांचा चेहरा बदलला. “ते अजून धरून बसला तू?”

“काय धरून बसला?” मी विचारलं. “कधी पाहिलं? कुठं?”

मला उत्तर द्यायची दोघांनाही घाई नव्हती. शेवटी वसंताच बोलला. तो आठवी-नववीत असतानाची जयंतीची मिरवणूक. तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं आपल्या घरासमोरून ती जाऊ दिली नव्हती, बाचाबाची झाली, कुणीतरी दगड मारला आणि काच फुटली. पोलिसांनी हाती लागला त्याला उचललं. लागला वसंता. मला एवढंच माहीत होतं की तो मामाकडे राहिला आणि दुसऱ्या दिवशी घरी आला. तो चौकीत होता. खुर्चीत ठेकेदार बसला होता. बाबा आले. संपात साहेबापुढे ज्यांनी मान तुकवली नव्हती, त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून त्या ठेकेदाराच्या पायावर ठेवला, आणि दुपट्ट्यावर डोकं ठेवलं. ठेकेदारानं त्यांना बराच वेळ उठ म्हटलं नाही.

“मी कोपऱ्यात बसून पाहून रायलो होतो,” वसंता म्हणाला. “माह्यापायी. तवाच ठरोलं, आता या मानसाले कोनापुढं वाकू द्याचं नाही. अन् आता माह्याच पायावर?”

 कवडूनं हातातलं वल्हं नावेत ठेवलं. मी बाबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नसावं.

“म्हणून तुम्ही त्याला वंदन करत नव्हता?” मी विचारलं. “रागानं?”

“राग कायचा वं?” बाबा म्हणाले. “हा चीवर घालून आला, मी हात जोडाले गेलो, अन् ह्याचे डोये पाह्यले. त्यात ते चौकी होती. जशीच्या तशी. म्या म्हटलं, ह्याले जड जाते, तं नाही जोडत हात. लोकं मले अडमुठा म्हनत. म्हनू दे.”

मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. बाप लेकासाठी मागच्या दारानं जात होता, लेक बापासाठी चटईवर अडून बसला होता. एकमेकांना असं तळहातावर सांभाळत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. मधल्या मधे वस्तीला उत्तरं देता देता मी म्हातारी झाले.

“मंग आजच कायले हा हट्ट?” वसंता म्हणाला.

“आता लय दिस नाही रायले माह्ये. तुह्या डोयातली ते चौकी काहाडून मंगच जाईन म्हनतो.” बाबांनी दम घेतला. “तवा मले वाकोलं होतं, बाबू. माह्या मानेवर हात ठेवून वाकोलं होतं. आज कोनाचा हात हाय माह्या मानेवर? पाह्य बरं. मी माह्या मनानं वाकून रायलो. एवढा फरक तुले समजत नसन, तं इतके वर्षावास का नुसतीच खीर खाल्ली?”

गुरुजींना खोकला आला. वसंतानं तोंडावरून हात फिरवला, दोनदा. मग तो महास्थविरांकडे गेला, त्यांना वंदन केलं आणि विचारलं, “भन्ते, नावेत किती?”

“तू बसलास तर पाच, आवुसो.”

त्यानं कमरेचं वस्त्र, अंतरवासक, गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि तो चिखलात उतरला.

सगळे बसले. बाबांना कवडूनं आणि गुरुजींनी हाताला धरून चढवलं. नाव धारेला लागली आणि कवडूनं बांबू रोवून ती उभी केली. मी सुटकेचा श्वास टाकतेय तोच महास्थविरांनी काठाकडे बोट केलं.

“तो दोर कसला?”

दोर मीच बांधायला लावला होता. नावेच्या नाकाडापासून काठावरच्या जांभळीला. आजारी माणूस पाण्यात चाललाय, काही झालं तर दोन माणसांनी ओढून काढावं, हा माझा हिशेब.

“तो सोडावा लागेल,” महास्थविर म्हणाले. “दोर काठाला बांधलेला आहे तोवर नाव नदीत नाही, काठावरच आहे. सीमा होणार नाही.”

“मी सोडणार नाही!” मी ओरडले. “त्यांना तिथं काही झालं तर? तुमचं विनयाचं नियमपुस्तक येईल का ओढायला?”

 बाबा नावेत माझ्याकडे तोंड करून बसले होते. त्यांनी मला बोलावलं नाही, समजावलं नाही. फक्त जांभळीकडे पाहिलं आणि मान हलवली, लहानपणी सायकल शिकवताना मागचा हात काढण्याआधी हलवायचे तशी. मी गाठीशी गेले. ओला दोर, घट्ट बसलेली गाठ, नखं तुटायची वेळ आली. शिव्या घालत घालत मी ती सोडली आणि दोर पाण्यात टाकला.

मग नावेतल्या एका भिक्खूनं चारी बाजूंना ओंजळीनं पाणी फेकलं. उमेदवाराखेरीज दुसऱ्या संसारी माणसानं त्या सीमेत थांबायचं नसतं, म्हणून कवडू बिचारा थंडीत कुडकुडत पोहून लांब गेला. महास्थविरांचा आवाज पाण्यावरून येत होता. पाली शब्द मला कळत नव्हते, पण तीनदा काय विचारतात ते आता ठाऊक होतं. पहिल्यांदा विचारलं. कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. मी वसंताच्या तोंडाकडे पाहत होते. तिसऱ्यांदा विचारलं. त्याचे ओठ मिटलेलेच होते. कुठंतरी टिटवी ओरडली आणि मी तिलाही मनातल्या मनात दटावलं.

महास्थविरांनी हात वर केला. काठावरच्या बायकांनी “साधू, साधू, साधू” म्हटलं. मी जांभळीच्या खोडाला धरून उभी होते.

बाबा उठले. नाव हलत होती, म्हणून एकेकापुढे ते गुडघ्यांवरच सरकत गेले. महास्थविरांपुढे वाकले, मग त्यांच्याहून धाकट्यापुढे, मग त्याच्याहून धाकट्यापुढे. शेवटी आपल्या लेकापुढे. या वेळी तो उठला नाही. बाबांचं डोकं खाली गेलं, नाव त्या बाजूला जराशी कलली आणि पुन्हा सरळ झाली. वसंता ताठ बसला होता, आणि या वेळी त्यानं नजर दुसरीकडे वळवली नाही.

नाव काठाला आली. वडीलपणाच्या क्रमानं एकेक भिक्खू उतरून चिखलातून वर आला. बाबा सगळ्यांत धाकटे, म्हणून सगळ्यांत शेवटी. ते उठायला गेले आणि त्यांचे पाय लटपटले. मी साडी खोचून पुढे धावले, पण वसंता माझ्या आधी वळला. ढोपरभर चिखलात नावेला पाठ करून तो उभा राहिला आणि कमरेतून खाली वाकला. चांगला वाकला, हात मागे करून, पाठ आडवी करून.

“बसा पाठीवर,” तो म्हणाला.

बाबांनी बिचकून महास्थविरांकडे पाहिलं. “भन्ते, हे चालते का?”

“आजारी भिक्खूची सेवा कुणीही करावी,” महास्थविर म्हणाले, आणि कानातलं यंत्र काढून ते चीवराला पुसायला लागले.

बाबा त्याच्या पाठीवर बसले. वसंता एक पाय उपसत, एक रोवत काठाकडे निघाला. मधेच तो थांबला, तशी बाबांनी त्याच्या कानाशी विचारलं, “जड लागून रायलं का, भन्ते?”

उत्तरात वसंतानं आवुसो म्हणायला हवं होतं. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“नाही, बाबा,” तो म्हणाला.

संघ काठावर ओळीनं उभा होता. त्यांनी ऐकलं, आणि कुणीही काही बोललं नाही.